दिव्यांग हक्क कायदा गटात वाचताना: कलम १३ आणि १४ कसं समजावता?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांचा एक गट आमच्याकडे दर शनिवारी जमतो. मी तिथे मदतनीस म्हणून बसते. पैसे मोजणं, एसटीचा प्रवास, अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं असं बरंच काही आजवर झालं. यंदा काय शिकायचं ते गटानेच ठरवलं: २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. निमित्त साधं होतं. गटातल्या एकीला बँकेत 'घरच्यांना घेऊन या' म्हणून परत पाठवलं, तेव्हा ती म्हणाली, "कायद्यात असं लिहिलंय का, ते मला बघायचंय."

समानतेचं कलम ३, समाजात राहण्याच्या हक्काचं कलम ५, छळ आणि शोषणाविरुद्धची ६ आणि ७ ही कलमं सगळ्यांना आवडली. घरच्यांचीही हरकत नव्हती. कलम १३ वाचायला घेतलं आणि फोन सुरू झाले. मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळण्याचा, स्वतःचे पैसे स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांइतकाच आहे, असं ते कलम सांगतं. एका घरून निरोप आला, "सवलती शिकवा, निरामय आरोग्य विमा शिकवा, हे कशाला?" दुसऱ्या घरून तर त्या शनिवारी मुलीला पाठवलंच नाही.

माझं मत मी लपवत नाही. हा कायदा ज्यांच्यासाठी केलाय त्यांच्या हातात तो पहिल्यांदा जायला हवा, पालकांच्या किंवा माझ्या नव्हे. पण मत असणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. तुमच्याकडे हे १३ आणि त्याच्या पुढचं, पालकत्वाचं कलम १४ कसं समजावता? पालकांशी काय बोलता? शिकवूच नये असं कोणाला वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

अभयची_आई:
मला वाटतं, म्हणून लिहिते. माझा अभय २६ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. माणसांवर पटकन विश्वास ठेवतो, गोड बोलणाऱ्याला नाही म्हणत नाही. आमचं राहतं घर पुढे त्याच्या नावावर होईल. त्याला आज 'हे तुझं आहे, तू सही करू शकतोस' असं शिकवलं आणि उद्या एखाद्या नातेवाइकाने घर देऊन टाकल्याचं बक्षीसपत्र पुढे केलं तर? तुमचा शनिवारचा वर्ग संपतो हो, आमची रात्रीची काळजी संपत नाही. कायदा आम्हाला शिकवा, त्याच्या वतीने आम्ही वापरू.

दोन_ओळी:
कायदा कागदावर छान असतो. तालुक्याच्या ऑफिसात कलम १३ सांगून बघा, मग बोलू.

मीच_बोलणार:
मी ३१ वर्षांचा आहे. मला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. मी हे स्वतः टाईप करतो. वेळ लागतो.
मी गटात कायदा शिकलो. आधी माझ्या पगाराचे पैसे दादा काढायचा. किती काढले ते मला कळायचं नाही. मी दादाला म्हटलं पासबुक दाखव. तो रागावला. मग दाखवलं. आता आम्ही दोघं बँकेत जातो. पैसे मी काढतो. दादा शेजारी उभा राहतो.
अभयची आई, अभयला पण विचारा.

रानवारा:
मीच_बोलणार, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या आतेभावाचं पासबुक कोणाकडे असतं हा प्रश्न पहिल्यांदा डोक्यात आला. घरात विचारणार आहे.

काळा_कोट:
वकिली करते, दिव्यांगांची प्रकरणं बरीच हाताळते. निशिगंधताई, १३ आणि १४ एकत्रच शिकवा. एकटं १३ ऐकून पालक घाबरतात आणि एकटं १४ ऐकून मुलं-मुली खचतात.

कलम १३ मध्ये पालकांना सहसा कोणी न सांगितलेल्या गोष्टी आहेत. मदत करणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा एखाद्या आर्थिक व्यवहारात स्वार्थ आडवा येत असेल, तर त्या मदतनिसाने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून स्वार्थ आहे असं मात्र धरायचं नाही. दुसरं म्हणजे, दिव्यांग व्यक्ती आपली मदतीची व्यवस्था बदलू शकते, मोडू शकते, दुसऱ्या कोणाची मदत घेऊ शकते. आणि मदत करणाऱ्याने अवाजवी दबाव आणायचा नाही, त्या व्यक्तीचा मान आणि खासगीपणा जपायचा.

कलम १४ मर्यादित पालकत्वाचं. पुरेशी आणि योग्य मदत देऊनही एखाद्याला कायद्याने बांधील असा निर्णय घेता येत नसेल, तरच जिल्हा न्यायालय किंवा शासनाने नेमलेलं प्राधिकरण मर्यादित पालक देऊ शकतं. तोही ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयासाठी. त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे, एकमेकांवरच्या विश्वासाने दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा असं कलमात स्पष्ट आहे. आधीच्या कायद्यांखाली नेमलेले पालकही यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करतील, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडून पालकत्वाचा दाखला घेतला, म्हणजे मुलाचं मत संपलं, असं नाही.

अभयच्या आई, तुमची भीती खरी आहे, ती मी हलकी करणार नाही. पण बघा, फसवून किंवा दबाव आणून घेतलेली सही १८७२ च्या करार कायद्याखालीही रद्द करून घेता येते. घरासाठी तुमच्या हयातीत खासगी न्यास (ट्रस्ट) करता येतो, मृत्युपत्रात अटी घालता येतात. ही सगळी कुंपणं घाला. अभयला अंधारात ठेवणं हे मात्र कुंपण होत नाही. बक्षीसपत्र म्हणजे काय हे ज्याला माहीतच नाही, त्याची सही घेणं सगळ्यात सोपं असतं.

अभयची_आई:
शेवटचं वाक्य लागलं, पण खोटं नाही. खासगी न्यासाचं नीट समजून घ्यायला कोणाकडे जाऊ? पैसे घेऊन नुसते कागद रंगवणारे भेटलेत आजवर.

काळा_कोट:
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून सुरुवात करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. अर्ज अभयच्या नावाने करा आणि जाताना त्याला सोबत न्या.

पांढरी_काठी:
बँकेचा विषय निघालाच आहे तर. मला दिसत नाही आणि मी बँकेतच नोकरी करतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. दृष्टिहीन खातेदाराला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं. तरी एका शाखेत मला 'जॉइंट खातं उघडा' असा सल्ला मिळाला होता. मी परिपत्रकाची प्रत दाखवली आणि दहा मिनिटांत सूर बदलला. दोन_ओळी, तुमच्या तालुक्याच्या ऑफिसात नुसतं तोंडी सांगून होणार नाही हे मान्य. छापील कागद न्या आणि पोच मागा.

एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही गटाला सांगा. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी ते कसं करायचं? ज्याला दिसत नाही त्याने चौकटीत चेहरा कसा आणायचा? न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की याचिका ज्यांना त्रास झाला त्यांनीच केली होती. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील. दुसऱ्या कोणाला ती अडचण सुचलीच नसती.

चाकांवरचा:
+१. जिजा घोष यांचं प्रकरणही घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्या कार्यकर्त्या. २०१२ मध्ये परिषदेला निघाल्या होत्या, विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं. त्या गप्प बसल्या नाहीत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली की एरवी पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसतात.

आणि रॅम्पवाल्यांसाठी: नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाने केंद्राच्या नियमावलीतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याची कलमं ४० ते ४६ सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा वापरता येणं, बंधनकारक करतात आणि नियम मात्र तिला निव्वळ शिफारशीचं रूप देत होता. 'जमलं तर करू' हे उत्तर आता चालू नये.

टेकडीवरचा:
विषयांतर होतंय, पण विचारतो. माझ्या बहिणीच्या प्रमाणपत्रावर ३५ टक्के आहे. मग हा कायदा तिला लागूच नाही ना?

काळा_कोट:
लागू आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि काही विशिष्ट लाभांसाठी आहे. सरकारी नोकरीतलं किमान ४ टक्के, उच्च शिक्षणातलं किमान ५ टक्के आरक्षण, वगैरे. समानता, भेदभाव नको, वाजवी सोयी, यासाठी टक्क्यांची अट नाही. फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात हेच स्पष्ट झालं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला होता, का तर प्रमाणित दिव्यांगत्व नाही. न्यायालयाने तो युक्तिवाद मानला नाही. बहिणीला जी सोय हवी ती लेखी मागायला सांगा.

हसरा_चाफा:
वातावरण जरा हलकं करते. आमच्या गटात कलम ९२ शिकवलं, म्हणजे चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. तेव्हापासून दोन जिवलग मित्रांचं कॅरमवरून वाजलं की एक ओरडतो, "कलम ब्याण्णव लावीन!" आणि दुसरा म्हणतो, "लाव, मी पण दिव्यांग आहे, मी उलटं लावीन!"

चाकांवरचा:
😂 दोघांनाही वकील करा.

काळा_कोट:
कॅरमवरून नाही लागत. अपमान करण्याचा हेतू हवा आणि लोकांच्या नजरेसमोरची जागा हवी. पण कलमाचा आकडा त्यांना तोंडपाठ आहे याचा मला फार आनंद झाला. पोलीस ठाण्यात पुष्कळदा तो आकडा आम्हालाच सांगावा लागतो. पोलीस, न्यायाधीश, वकील, पंचायत सदस्य या सगळ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांग हक्क शिकवलेच पाहिजेत असं कलम ४७ म्हणतं. या सगळ्यांनी शिकायचं आणि ज्याचे हक्क त्याने फक्त सवलतींचा फॉर्म भरायचा, हे मला पटत नाही.

शांत_पाणी:
मी एक वडील म्हणून लिहितो. इथे जे बोलतायत त्यांचे मुलगे-मुली बोलू शकतात, बँकेत उभे राहू शकतात. माझी मुलगी २२ वर्षांची आहे. ती बोलत नाही. खाणं, अंघोळ, सगळ्याला मदत लागते. राष्ट्रीय न्यासाचा पालकत्वाचा दाखला आम्ही घेतलाय, कारण त्याशिवाय तिच्या नावाच्या खात्याचं पान हललं नसतं. 'तिच्या इच्छेप्रमाणे' हे वाचायला सुंदर आहे. तिने बक्षीसपत्रावर काय इच्छा सांगायची? सेल्फ ॲडव्होकेट, म्हणजे स्वतःच्या हक्कांसाठी स्वतः बोलणाऱ्या दिव्यांग मंडळींबद्दल मला आदर आहे. पण चर्चा नेहमी त्यांच्याभोवतीच फिरते आणि आमच्यासारखी घरं त्यात दिसत नाहीत.

निशिगंध:
शांत_पाणी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्या गटातही दोघं जण बोलत नाहीत. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

फळा_खडू:
विशेष शिक्षिका आहे, या कामात केस पांढरे झाले. आधी शांत_पाणी यांच्यासाठी लिहिते.

कायद्याला तुमचं घर दिसलेलं आहे. मर्यादित पालकत्व पुन्हा पुन्हा द्यावं लागत असेल तर संपूर्ण मदत देता येईल, पण तिचा फेरविचार होत राहील, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. तुमच्या मुलीने बक्षीसपत्रावर मत द्यावं असं कोणीच म्हणत नाही. पण आज कोणता ड्रेस, कोणाच्या हातून खायचं, कोण जवळ आलं की ती अंग चोरते, हे ती सांगतेच, शब्दांशिवाय. ते लिहून ठेवा. मी पालकांना एक वही करायला लावते: काय केलं की ती काय करते, आणि आपण त्याचा काय अर्थ लावतो. उद्या तुम्ही नसाल तेव्हा नव्या मदतनिसाकडे तिची इच्छा पोचवणारी तीच वही असेल. 'तिच्या इच्छेप्रमाणे' याला तुमच्या घरापुरता अर्थ तिथून येतो. आणि एक चित्रकार्ड तिला आज ना उद्या द्याच, 'नको'चं. शोषणापासून संरक्षण देणारं कलम ७ वापरायची वेळ आली तर तेच कार्ड लागतं.

आता निशिगंध, तुझा प्रश्न. आधी प्रसंग, मग कलम. 'कलम १३ : विधिक क्षमता' असं फळ्यावर लिहिलंस की अर्धी माणसं तिथेच गळतात. मी असं करते. खोट्या नोटा, खोटं पासबुक, एक टेबल म्हणजे बँक. एक जण कर्मचारी होतो आणि म्हणतो, "तुम्हाला नाही समजणार, वडिलांना बोलवा." मग गटाला विचारायचं: हे ऐकून कसं वाटलं? तुम्ही काय म्हणाल? तीन-चार जणांनी तिथे उभं राहून उत्तर देऊन झालं, की मग सांगायचं, तुम्ही आत्ता जे बोललात ते कायद्यात लिहिलंय. नंतर कार्ड. एका कार्डावर एकच वाक्य आणि एकच चित्र:

माझे पैसे माझे आहेत.
मला समजलं नाही तर मी मदत मागेन.
मदत कोणाची घ्यायची ते मी ठरवेन.
मदत करणारा मला घाबरवू शकत नाही.
मदत आवडली नाही तर मी माणूस बदलेन.

या पाच कार्डांत कलम १३ चा गाभा येतो. वाक्यं गटाकडूनच काढून घे, माझी नको वापरूस. संवादाच्या साधनांची कायद्यात जी व्याख्या आहे तिच्यात ब्रेल, मोठी अक्षरं, खुणांची भाषा यांच्या जोडीला सोपी भाषा आणि वाचून दाखवणारी व्यक्ती हेही आहे. तेव्हा सोप्या भाषेतला कायदा मागणं म्हणजे लाड नव्हेत.

एक सावधगिरी. आपल्या मंडळींना आयुष्यभर 'हो' म्हणण्याचं बक्षीस मिळालेलं असतं. "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. तो प्रश्न बंदच कर. "आता तू मला समजाव" असं म्हण, किंवा मुद्दाम चुकीचं बोल: "म्हणजे मदत करणारी ताई तुझे पैसे न विचारता घेऊ शकते, हो ना?" ज्याला समजलंय तो उसळतो.

आणि तू स्वतः उत्तर देऊ नकोस. कोणी अडखळलं की मदतनिसाच्या तोंडून शब्द निघतोच. जीभ दाताखाली धर.

खुणांची_भाषा:
कर्णबधिर आहे. बैठकीला दुभाषा बोलवत जा, ही विनंती. बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहिरेपण दोन्ही असलेली माणसं असतात. ती गटात दिसत नाहीत, कारण त्यांना बोलावलंच जात नाही.

निशिगंध:
मान्य. दुभाषांसाठी विचारणा सुरू करते.

हळूहळू_टाईप:
मला सेरेब्रल पाल्सी आहे. एका बोटाने टाईप करते, म्हणून उशिरा आले. चर्चा पैशांभोवती फिरते आहे. माझ्यासाठी सगळ्यात मोठं कलम १० आहे. स्वतःच्या मोकळ्या, माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाही दिव्यांग व्यक्तीवर मूल होणं थांबवणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. मी १५ वर्षांची असताना घरात डॉक्टरांशी माझी गर्भपिशवी काढण्याबद्दल बोलणं चाललं होतं, 'पाळीचा त्रास वाचेल' म्हणून. माझ्यासमोर, मला न विचारता. आजीने विरोध केला म्हणून टळलं. तेव्हा हा कायदा नव्हता.

२००९ चा सुचिता श्रीवास्तव निकाल गटात जरूर वाचा. चंदीगडमधल्या सरकारी संस्थेत राहणारी, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेली तरुणी. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिची संमती नसेल तर गर्भपात करता येणार नाही. हा निकाल बायकांच्या गटात वाचला तेव्हा बराच वेळ कोणी उठेना, प्रश्नांवर प्रश्न. लग्नाचे, प्रेमाचे, 'मला डॉक्टरांच्या खोलीत आईशिवाय जाता येतं का' असे. पालकांना पैशांच्या कलमाची भीती वाटते. या कलमाची तर त्याहून जास्त वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

अभयची_आई:
हळूहळू_टाईप, तुमच्या आजींना नमस्कार. मुलींच्या आयांना हे वाचायला देणार आहे.

दोन_ओळी:
मी पहिल्यांदा लिहिलं ते रागातून. दाखल्यासाठी वडिलांना खूप हेलपाटे घालावे लागले. सरळ सांगा, सरकारी ऑफिसने ऐकलं नाही तर तक्रार नेमकी कुठे?

काळा_कोट:
राग रास्त आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीच्या बाबतीत भेदभाव झाला असेल तर कलम २३ खाली तिथेच तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जा. बाकी कुठल्याही हक्कभंगासाठी राज्य दिव्यांग आयुक्त, आपल्याकडे पुण्याला. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली आणि ऑफिसला ती मान्य नसेल, तर तीन महिन्यांत कारणं कळवावी लागतात. मारहाण, शोषण असेल तर कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकारी. अर्ज साध्या कागदावर चालतो. काय झालं, कधी झालं, काय हवंय, एवढं लिहा आणि पोच घ्या.

निशिगंध, हाच अर्ज लिहिणं हा गटाचा एक शनिवार होऊ शकतो.

दोन_ओळी:
धन्यवाद. वडिलांकडून लिहून घेतो.

निशिगंध:
कालचा शनिवार सांगते. फळा_खडू यांनी सुचवलेली बँक मांडली. जिला खऱ्या बँकेने परत पाठवलं होतं, तिने कर्मचारी व्हायचा हट्ट धरला आणि सगळ्यांना अगदी तसंच परत पाठवलं, त्याच आवाजात. मग गटाने उत्तरं शोधली. सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं उत्तर: "मला समजेल असं सांगा. सांगणं तुमचं काम आहे." पहिल्या कार्डावर तेच आलं. माझं एकही वाक्य कार्डावर नाही.

पालकांना दुसऱ्या खोलीत बसवलं होतं आणि तिथे कलम १४ वाचलं. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. एक जण म्हणाले, आम्ही जिवंत असेपर्यंत सह्या आम्हीच करणार. मी वाद घातला नाही. त्यांची मुलगी पलीकडच्या खोलीत 'मदत करणारा माणूस मी बदलेन' हे कार्ड रंगवत होती. ते कार्ड ती घरी घेऊन गेली आहे. पुढचं बोलणं त्या दोघांमध्ये व्हायला हवं आणि मदत हवी असेल तर मी आहेच.

शांत_पाणी, फळा_खडू यांनी तुम्हाला सुचवलेली वहीची कल्पना न बोलणाऱ्या आमच्या दोघांच्या घरी दिली आहे.

शांत_पाणी:
वही सुरू केली. पहिल्या पानावर तिच्या आईचं आणि माझं एकमत झालं नाही. ती डोकं फिरवते म्हणजे 'नको' असं मी म्हणतो, आई म्हणते 'थांबा'. बघतोय. पालकत्वाच्या दाखल्याबद्दल माझं मत मात्र तेच आहे. बँका जोवर तो मागतात तोवर आम्हाला तो लागणार.

काळा_कोट:
तुमचं बरोबर आहे, दाखला ठेवाच. करार कायद्याचं कलम १२ सुदृढ मनाची व्यक्ती मागतं आणि बँका तिथे अडतात. पण तो व्यवहार करताना त्या माणसाला तो समजतो का आणि स्वतःचं हित-अहित कळतं का, एवढीच त्या कलमाची कसोटी आहे. कपाळावरच्या शिक्क्याची नाही. ज्यांना समजतं त्यांनी ते बँकेत जाऊन दाखवत राहिलं पाहिजे.

मीच_बोलणार:
माझा एक प्रश्न आहे. मतदार यादीत माझं नाव नाही. दादा म्हणतो मला मत देता येत नाही. प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलंय म्हणून. हे कायद्यात आहे का?

काळा_कोट:
नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ नुसार सक्षम न्यायालयाने एखाद्याला मनोविकल ठरवलं असेल तरच नाव नोंदवता येत नाही. तुमचं प्रमाणपत्र डॉक्टरांनी दिलंय, न्यायालयाने नाही. कितीही टक्के असले तरी त्याने मताचा हक्क जात नाही. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा, ऑनलाइन किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. दिव्यांगत्व नोंदवायची जागा त्यात आहे, म्हणजे केंद्रावर सोय मागता येते. मत द्यायला एकटे जाऊ शकता.

मीच_बोलणार:
फॉर्म डाउनलोड केला. मराठीत आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून काय लावू?

पांढरी_काठी:
बँकेचं पासबुक चालतं, त्यावर सध्याचा पत्ता हवा. आधार कार्डही चालतं.

मीच_बोलणार:
पासबुक माझ्याकडे आहे.